प्रमोदिनीच्या नावाचे दोन फंड

९ नोव्हेंबर, धार

आजपासून नवी वही. देवासच्या गिअर कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षं काढली. रोज पाळी संपली की रजिस्टर लिहायचो, ती खोड अजून गेलेली नाही. निवृत्त होऊन धारला परतलो त्याला चार वर्षं झाली, तरी संध्याकाळी पाच वाजले की हात पेन शोधतो.

मोडीत लिहितो आहे. आजोबा धार संस्थानच्या दफ्तरात होते, त्यांनी मला मोडी शिकवली. मी अजेयला शिकवली, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्याच्याकडून घासून घेतली. या घराण्यात मोडी वाचणारे आता आम्ही दोघेच, आणि तो देवासला असतो. त्यामुळे वही टेबलावर उघडी राहिली तरी चालते. कोणाही पाहुण्याला मी अभिमानाने सांगतो की माझा इंजिनिअर मुलगा मोडी वाचतो.

विषय असा आहे. आमचा म्हातारपणाचा पैसा तीन ठिकाणी आहे: पोस्ट, बँकेच्या एफडी आणि शेअर बाजाराचा एक इंडेक्स फंड. कारखाना खाजगी असल्याने पेन्शन दूध आणि लाइटबिलापुरतीच. मी सहासष्टचा, प्रमोदिनी अठ्ठावन्नची. माझ्यामागे तिला पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत, तिची स्वतःची कमाई नाही. सहा महिने वाचून मी ठरवलं आहे की यात आणखी दोन फंड घालायचे. एक रिअल इस्टेटचा, मोठमोठ्या ऑफिसांच्या आणि मॉलच्या भाड्यावर चालणारा. दुसरा कमोडिटीचा, म्हणजे सोनं-चांदी वगैरे. दोन्ही इंडेक्स फंड, म्हणजे कुणा उंटावरच्या शहाण्याच्या हातात काही नाही. शेअर पडले तरी हे दोन उभे राहावेत, एवढीच अपेक्षा.

१३ नोव्हेंबर

प्रमोदिनीला समजावून सांगितलं. कागदावर तक्ता काढला. तिने तो चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "अहो, आणि सगळेच एकदम पडले तर?"

मी म्हटलं, तसं सहसा होत नाही.

"सहसा नाही म्हणजे कधीतरी होतं. तेव्हा काय करायचं, ते तक्त्यात कुठे आहे?"

मी हसलो. बायकांची भिशी चालवणं वेगळं आणि हे वेगळं. या गोष्टी तिच्या आवाक्यातल्या नाहीत, त्यात तिचा दोष नाही. म्हणून तर सगळं मलाच बसवून ठेवायला हवं, आणि माझ्यामागे अजेयने चालवायला हवं.

१६ नोव्हेंबर

तीन दिवस प्रमोदिनी मोजकंच बोलते आहे. जेवण वाढते आणि उठून जाते. कारण कळत नाही. मी तिला काही लागेल असं एक अक्षर बोललेलो नाही.

२२ नोव्हेंबर

दोन्ही फंड घेतले. एफडीचा काही भाग आणि शेअर फंडातला थोडा भाग तिकडे वळवला. मुद्दाम प्रमोदिनीच्या नावावर घेतले, म्हणजे पुढे वारसाची भानगड नको. सहीला तिने पाऊण तास लावला. प्रत्येक पान वाचत होती. "अगं, सही कर फक्त," असं मी दोनदा म्हटलं. शेवटी मान वर करून म्हणाली, "म्हणजे हे माझे?"

तुझेच, मी म्हटलं. तिच्या फोनवर ओटीपी आला, तो तिने मला वाचून दाखवला. झालं काम.

२ डिसेंबर

सकाळी मुंज तलावावर फिरायला गेलो होतो. अर्ध्या फेरीत छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं झालं. बाकावर बसलो, दहा मिनिटांनी उतरलं. गॅस असावा. कोणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही.

३ डिसेंबर

सकाळी बूट घालत होतो, तर प्रमोदिनी साडी बदलून दारात उभी. म्हणाली, आजपासून मीही येते फिरायला. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. तलावाच्या पहिल्याच बाकाशी थांबून म्हणाली, "बसू या इथे थोडं. मला दम लागला." तिला दम लागला नव्हता. तलावावरच्या कोणीतरी मला बसलेलं पाहून तिच्या कानावर घातलं असणार.

९ डिसेंबर

इंदूरला जाऊन अँजिओग्राफी करून घेतली. घरी सांगितलं की प्रॉव्हिडंट फंडाच्या कामाला देवासला जातो. मालोजीला बरोबर नेलं, शाळेपासूनचा दोस्त आहे. त्याच्याकडून शपथ घेतली.

तीन नळ्या बंद आहेत. डॉक्टर म्हणाले, बायपास लवकर करा, महिना-दीड महिन्याच्या आत. खर्च विचारला. त्यांनी आकडा सांगितला आणि वर म्हणाले, हा कमीत कमी, गुंतागुंत झाली तर दुपटीच्याही पुढे. कारखान्याचा विमा निवृत्तीबरोबर संपला होता. नंतर या वयाचा हप्ता ऐकून मी नवा घेतला नाही. ही चूक माझी, आणि ती माझ्याकडूनच वसूल व्हावी, तिच्याकडून नव्हे.

सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं. फेब्रुवारीच्या शेवटी नंबर लागेल म्हणतात. तोवर तग धरायचा. रिपोर्ट जुन्या पंचांगांच्या पेटीत ठेवला आहे. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे म्हणता येत नाही.

१२ डिसेंबर

आमटीत मीठ नाही. पापड नाही, लोणचं नाही. माझा पलंग माडीवरून खाली बैठकीत आणून ठेवला आहे. कारण विचारलं तर म्हणाली, माडीची सफाई करायची आहे.

दुपारी तडक मालोजीकडे गेलो आणि त्याला नको ते बोललो. तो पायरीवर बसून वाटाणे सोलत होता, तसाच थांबला. "भिया, कसम से, मैंने किसी को नी बोला. घरवाली को भी नी." मी म्हटलं, मग तिला कळलं कसं? तो पुन्हा वाटाणे सोलू लागला. मी चहा न घेता परतलो.

रात्रीच्या जेवणाला प्रमोदिनीने सरळ विचारलं, "मला काही सांगायचं आहे का तुम्हाला?"

नाही, मी म्हटलं. तिने आमटीचं भांडं झाकलं. मग म्हणाली, बरं.

१५ डिसेंबर

भाड्याचा फंड उतरतो आहे. व्याजदरांच्या बातमीने म्हणे. शेअर बाजारही उतरला. काल कमोडिटीचाही घसरला. तिन्ही एका आठवड्यात खाली. सकाळपासून सतरा वेळा फोन उघडून पाहिलं असेल. मी हयातभर लोकांना सांगत आलो की यंत्रातून निघालेला एक गिअर मापून यंत्र बदलू नये, शंभर मापावेत. आणि आता मीच एका आठवड्याचं माप घेऊन बसलो आहे.

माझी घाबरगुंडी नुकसानीची नाही. वेळ मिळाला तर हे वर येईल हे मला कळतं. माझ्याकडे वेळ किती आहे, हे कळत नाही.

१८ डिसेंबर

आज यादी लिहून पूर्ण केली. मी शुद्धीवर नसलो तर काय विकायचं, कशाला हात लावायचा नाही, कोणत्या क्रमाने. एकूण आठ कलमं. खाती आणि पासवर्डही आहेत, म्हणून मोडीत लिहिली. चोराच्या हाती पडली तरी त्याला गोगलगाईच्या रेघा वाटतील.

पाचवं कलम लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते असं: माझ्या आजारावर बँकेतल्या त्या एका एफडीपलीकडे खर्च करू नये. तेवढ्यात भागलं नाही तर मला सरकारी दवाखान्यात हलवावं. पुढे जे होईल ते होईल. प्रमोदिनीच्या नावाचे दोन्ही फंड कोणत्याही परिस्थितीत विकू नयेत, ते तिच्या म्हातारपणासाठी आहेत.

लिहून झाल्यावर शांत वाटलं. अजेय ही यादी पाळेल याची खात्री आहे. हट्टी आहे, पण शब्दाचा पक्का आहे.

२१ डिसेंबर, देवास

अजेयकडे आलो. यादी पाकिटातून काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, आत्ता माझ्यासमोर वाच, काही शंका असेल तर विचार. छातीचं काही सांगितलं नाही, म्हटलं नुसती व्यवस्था आहे.

त्याने पानावरून नजर फिरवली. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. इतक्या लवकर वाचली, मला कौतुक वाटलं. घडी घालून पाकिटात ठेवली आणि म्हणाला, "समझ गया बाबा. टेन्शन नका घेऊ."

"पाचवं कलम पटलं ना?"

"हो. सगळं पटलं."

मला वाटलं होतं पाचव्यावर भांडेल. जरा लागलंच मनाला, पण ते माझं मीच गिळलं. नात मधुवंती शेजारी गृहपाठ करत होती. तिने विचारलं, पप्पा, ये कौन-सी लिपी है? मला शिकवा ना. तो म्हणाला, आजोबांना विचार, आणि गाडी धुवायला खाली गेला. रविवारी दुपारी एक वाजता.

२९ डिसेंबर, धार

कमोडिटीचा थोडा सावरला. दुसरा अजून खालीच. प्रमोदिनी पेपरातलं अर्थव्यवहाराचं पान कापून ठेवते आहे. भाजी निवडायला घेत असेल.

५ जानेवारी

प्रमोदिनी म्हणाली, "इंदूरच्या डॉक्टरांना मी फोन केला होता. ते म्हणतात, फेब्रुवारीपर्यंत थांबू नका."

मी विचारलं, कोणते डॉक्टर. ती म्हणाली, तेच. मी उठून बाहेर गेलो. मालोजीने तोंड उघडलं, आता शंकाच उरली नाही. पन्नास वर्षांची दोस्ती गेली.

परत आलो तेव्हा ती दारातच होती. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "तुम्ही स्वतःलाच विकायला काढलं आहे आणि मला विचारतही नाही." काय बोलते आहे ते मला उमजलं नाही. मी म्हटलं, फेब्रुवारीत बघू. माझा निर्णय झाला आहे.

११ जानेवारी

सकाळपासून डावा हात जड. घाम येतो आहे. प्रमोदिनी रिक्षावाल्याला हाक मारते आहे. अजेयला फोन करून म्हटलं, यादी पाकिटात आहे ना? तो हो म्हणाला.

९ फेब्रुवारी, देवास

मधुवंतीच्या गणिताच्या वहीच्या मागल्या पानांवर लिहितो आहे. माझी वही धारच्या घरी आहे म्हणतात.

वाचलो. बायपास झाली, तिसऱ्या दिवशी आत रक्तस्राव झाला म्हणून छाती पुन्हा उघडली. एकोणीस दिवस इंदूरच्या खाजगी दवाखान्यात, त्यातले अकरा अतिदक्षता विभागात. हे सगळं मला नंतर सांगितलं. मला एवढंच आठवतं की छतावरची एक ट्यूब सारखी मिचमिचत होती. आता अजेयच्या घरी आहे. सूनबाई वल्लरी वेळेवर गोळ्या देते, प्रमोदिनी पंधरा पावलं चालवते.

एवढे दिवस खाजगी दवाखान्यात. मी हिशेब करायला घाबरतो आहे.

१२ फेब्रुवारी

पाहिलं. प्रमोदिनीच्या नावाचे दोन्ही फंड शून्य आहेत. दोन्ही. भाड्याचा तर तोट्यात विकला, तळाला असताना. वर मुदतीआधी विकल्याची कपात. एफडी गेली ती वेगळीच.

मी अजेयला हाक मारली. आवाज चढवायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, पण चढला. म्हटलं, पाचवं कलम तू वाचलं होतंस. पटलं म्हणाला होतास. तुझ्या आईचं म्हातारपण तू माझ्या छातीत घातलंस. तिला बिचारीला काय ठाऊक, तू मागितला असशील तसा तिने ओटीपी वाचून दाखवला असेल.

तो मान खाली घालून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. म्हणाला, "सॉरी बाबा. माझी चूक."

सॉरीने फंड परत येत नाहीत, असं मी म्हटलं. मग तो ऑफिसला गेला.

१३ फेब्रुवारी

मुलाशी बोललो नाही. तो सकाळी येऊन माझ्या गोळ्यांचा डबा भरून गेला.

१५ फेब्रुवारी

आज रविवार. अजेय माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "बाबा, एक बात बोलनी है. मला मोडी येत नाही."

मला वाटलं विसरला असेल. म्हटलं, उजळणी केली की येईल.

"नाही बाबा. कधीच आली नाही. त्या दोन सुट्ट्यांत तुम्ही धडा घ्यायचे तो मी पाठ करायचो, आवाज ऐकून. अक्षरं कळायची नाहीत. नंतर तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात की माझा मुलगा मोडी वाचतो. दादाजींच्या बरसीला, माझ्या लग्नात, कारखान्यातल्या लोकांना. फिर मैं कैसे बोलता?"

"मग यादी?"

"समजली असती तर त्याच दिवशी तुमच्यासमोर फाडली असती. दवाखान्याच्या काउंटरवर पैसे मागत होते, मी तो कागद हातात धरून उभा होतो. एक शब्द वाचता येत नव्हता. रडायला आलं मला. मग आईला दिला."

"आईला कशाला? तिला काय कळणार?"

"आईनेच वाचला, बाबा. खडाखडा वाचला. उभ्या उभ्या."

मी पाणी मागितलं. त्याने ग्लास ओठाला लावला.

दुपारभर डोळे मिटून पडून राहिलो. वहीत काय काय लिहिलं आहे ते एकेक आठवत होतं. बायकांची भिशी. तिच्या आवाक्यातलं नाही. तलावावरचा बाक. पंचांगांची पेटी. मला भीती वाटते आहे. टेबलावर उघडी राहिली तरी चालते, असं मीच लिहून ठेवलं होतं. आणि मालोजीला मी काय काय बोललो.

अजेयने तीन दिवस माझा राग सोसला, आईचं नाव घेतलं नाही.

२२ फेब्रुवारी, धार

काल घरी आलो. येताना गाडी मालोजीच्या दारात थांबवायला लावली. मला उतरता येत नव्हतं, तोच काचेशी आला. मी म्हटलं, चूक माझी होती. तो म्हणाला, "पहले ठीक हो जा भिया, फिर लड़ेंगे."

माझी वही टेबलावर होती. ११ जानेवारीनंतरच्या पानावर दुसऱ्या कुणाच्या हातची मोडी आहे. अक्षर कच्चं, ओळी उतरत गेलेल्या, पण एकही शब्द चुकलेला नाही. मी तीनदा तपासलं. प्रमोदिनी स्वयंपाकघरात आहे. तिने मला ते पान वाचताना पाहिलं आणि फोडणी दिली.

ते पान मी इथे बाळबोधीत उतरवून ठेवतो आहे. म्हणजे अजेयलाही वाचता येईल.

१२ जानेवारी, इंदूर

निघताना तुमची वही पिशवीत घातली होती, तिच्यातच लिहिते आहे. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. तुम्ही अजेयला शिकवायचे तेव्हा मी शेजारी बसून शेंगा सोलायची. तो खिडकीबाहेर बघायचा आणि मी पाटीकडे. तुम्ही मला कधी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. वही वाचली ही माझी चूक. पण तुम्ही तोंडाने काही सांगत नव्हता, मग मी कुठे वाचायचं?

तुमची यादी वाचली. सगळी कलमं बरोबर आहेत, पाचवं सोडून. ते वहीत आधीच वाचलं होतं, तरी कागदावर पुन्हा वाचून मी तुमच्यावर खूप रागावले. तुम्ही अतिदक्षता विभागात होता, म्हणून राग कोणावर काढता येईना.

फंड दोन्ही आज विकायला टाकले. पैसे दोन-तीन दिवसांत येतील, तोवर एफडीतून भरले आहेत. अजेयने काही केलेलं नाही, त्याला बोलू नका. भाड्याचा तोट्यात जाणार हे मला माहीत होतं, पेपरात रोज बघत होते. सही करताना मी विचारलं होतं, हे माझे का, आणि तुम्ही हो म्हणाला होता. माझे होते, मी विकले.

माझ्या म्हातारपणाची तुम्ही काळजी केलीत, ती मला पोचली. पण माझ्या आईचं म्हातारपण तुम्ही लांबून पाहिलंत, मी जवळून पाहिलं आहे. बाबा गेल्यावर ती एकतीस वर्षं एकटी राहिली. पैशाला कमी नव्हतं, पोस्टात सगळं नीट लावलेलं होतं. मी भेटून निघाले की ती माझ्या चपला लपवून ठेवायची.

आत्ताच तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं. पाच तास लागतील म्हणाले. अजेय सकाळपासून उपाशी बसला आहे, त्याला काहीतरी खायला घालते.